सार्वजनिक गृहवसाहतींतील अमली पदार्थांचे गुन्हे: निधी कोणत्या मार्गाने खर्च करावा?

अमेरिकेतील सार्वजनिक गृहवसाहतींमध्ये अल्प उत्पन्नाची कुटुंबे भाड्याने राहतात आणि घरमालक असते ते स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण. महाराष्ट्रातील वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. झोपडपट्टी पुनर्वसनातील सदनिका रहिवाशाच्या मालकीची होते. अमेरिकेतील या वसाहतींत मात्र जिन्यातील दिवा, दाराचे कुलूप, भाडेकरार आणि पहारा या सर्व गोष्टी एकाच सरकारी घरमालकाच्या हाती असतात. त्यामुळे हातातील रकमेतून यांपैकी कशावर किती खर्च करायचा, हा प्रश्न प्राधिकरणाच्या मंडळापुढे दरवर्षी उभा राहतो. अशा मंडळावर बसणाऱ्या सदस्याच्या किंवा रहिवाशांच्या प्रतिनिधीच्या उपयोगी पडावी, म्हणून ही तुलना केली आहे.

पहिली निवड पैशाच्या स्वरूपाची आहे. क्रॅक कोकेनच्या लाटेने मोठ्या शहरांतील वसाहती पोखरल्या जात असताना १९८८ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने या वसाहतींसाठी स्वतंत्र निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. १९८९ मध्ये त्यासाठी केवळ ८२ लाख डॉलर मिळाले होते. १९९९ पर्यंत ही वार्षिक तरतूद ३१ कोटी डॉलरवर पोहोचली. आरंभी प्राधिकरणांना अर्ज करावे लागत, आणि गुन्ह्यांची तीव्रता, योजनेचा दर्जा, ती राबवण्याची क्षमता व रहिवाशांचा पाठिंबा पाहून अनुदान दिले जाई. १९९९ पासून वाटप ठरावीक सूत्रानुसार होऊ लागले. या राखीव निधीतून पोलिसांची वाढीव सेवा, खासगी पहारेकरी, रहिवाशांची स्वयंसेवी गस्त, इमारतींतील सुधारणा, मुलांसाठीचे प्रतिबंधात्मक उपक्रम आणि व्यसनमुक्तीचे उपचार यांवर खर्च करता येत असे. बंदोबस्त हे संघीय गृहनिर्माण खात्याचे मूळ काम नव्हे, असा युक्तिवाद करून बुश प्रशासनाने २००२ च्या अर्थसंकल्पात हा कार्यक्रम बंद केला आणि त्या रकमेचा काही भाग प्राधिकरणांच्या सर्वसाधारण परिचालन निधीत वळवला.

परिचालन निधी लवचीक आहे, हे मान्य करायला हवे. मात्र सुरक्षेला त्यात संरक्षण नाही. बंद पडलेली लिफ्ट, गळके छप्पर, हिवाळ्यात नादुरुस्त झालेला बॉयलर आणि कर्मचाऱ्यांचे पगार याच तिजोरीतून भागवायचे असल्याने संध्याकाळचा मुलांचा वर्ग किंवा व्यसनमुक्तीचा सल्लागार यांच्यावर पहिली कात्री चालते, कारण त्यांच्या अभावाची तक्रार त्याच दिवशी कोणी करत नाही. राखीव निधीचा दोष नेमका याच्या उलट आहे. तो आहे म्हणून खर्च केला जातो, आणि नगरपालिकेने जे पोलीस तसेही द्यायला हवे होते, त्यांचेच बिल गृहनिर्माणाच्या पैशातून चुकते होण्याचा धोका असतो. हा धोका ओळखूनच त्या कार्यक्रमाच्या नियमांत, शहर आधीपासून देत असलेल्या मूळ सेवेच्या वरचाच बंदोबस्त अनुदानातून घेता येईल, अशी अट होती. माझ्या मते ती त्या कार्यक्रमातील सर्वांत शहाणपणाची तरतूद होती. अट मोडली गेली तर वसाहतीतील माणसाला शहरातील इतर करदात्यांना मिळणाऱ्या पोलीस सेवेसाठी आपल्या घरांच्या पैशातून दुसऱ्यांदा मोजावे लागते, आणि हे अन्याय्य आहे.

तिसरा स्रोत म्हणजे तातडीच्या सुरक्षेचे भांडवली अनुदान. त्याची मर्यादा एका प्राधिकरणाला अडीच लाख डॉलरपर्यंत असून त्यातून कॅमेरे, दिवे, कुंपण, मजबूत दारे व कुलपे घेता येतात, पण माणसांचे पगार देता येत नाहीत. मागणी उपलब्ध रकमेपेक्षा जास्त झाली, तर सोडतीने निवड होते. म्हणून या पैशावर विसंबून बहुवर्षीय योजना आखणे धोक्याचे ठरेल.

आता प्रत्यक्ष कामांकडे वळू. धडक कारवाईचे सर्वांत ठळक उदाहरण शिकागोचे आहे. तेथील प्राधिकरणाने १९८८ मध्ये रॉकवेल गार्डन्स या वसाहतीपासून घराघरांची झडती घेण्याची मोहीम सुरू केली. टोळ्यांनी बळकावलेल्या इमारतींत प्रवेशद्वारावर पहारा बसला, मोडकी दारे दुरुस्त झाली आणि अनेक रहिवाशांनी त्याचे मनापासून स्वागत केले. त्यांची भीती खरी होती आणि ती कमी लेखण्याचा अधिकार दूर बसलेल्या कोणालाही नाही. परंतु वॉरंटशिवाय घरात शिरण्याची ही पद्धत संघीय न्यायालयाने एप्रिल १९९४ मध्ये रोखली. घरमालक सरकार असले, तरी भाडेकरूचे घर हे त्याचे घरच राहते, हा मुद्दा पैशाचे गणित मांडतानाही सुटता कामा नये.

याउलट लॉस एंजेलिसने २०११ मध्ये वॉट्स भागातील निकरसन गार्डन्स, जॉर्डन डाउन्स व इम्पीरियल कोर्ट्स आणि बॉइल हाइट्समधील रामोना गार्डन्स या वसाहतींत वेगळा मार्ग धरला. निवडलेले पोलीस अधिकारी पाच वर्षांसाठी एकाच वसाहतीत नेमले गेले आणि अटकांच्या संख्येपेक्षा रहिवाशांशी जुळलेल्या संबंधांना महत्त्व देण्यात आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने २०२० मध्ये केलेल्या मूल्यमापनात हिंसक गुन्हे घटल्याचे आढळले. असे अधिकारी महाग पडतात आणि त्यांची बदली झाली की कमावलेला विश्वासही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून निधीची मुदत नेमणुकीच्या मुदतीपेक्षा कमी असेल, तर हा मार्ग अर्ध्यावर सोडावा लागेल.

दिव्यांच्या बाजूने असलेला पुरावा अधिक काटेकोर आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सुमारे ८० वसाहतींपैकी निम्म्या यादृच्छिक पद्धतीने निवडून तेथे तात्पुरते प्रकाशस्तंभ उभारण्यात आले, आणि रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गंभीर गुन्ह्यांच्या त्या मोजणीत खून, लूटमार, हल्ले व चोऱ्या येतात, अमली पदार्थांची विक्री येत नाही. शिवाय अंगणातील प्रकाश चौदाव्या मजल्यावरील बंद दारामागच्या व्यवहाराला पोहोचत नाही. तरीही ज्या आईला रात्रपाळीहून परतताना त्या अंगणातून चालायचे असते, तिच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, आणि तो कोणाचाही हक्क हिरावून न घेता साधतो.

निष्कासनाला, म्हणजे भाडेकरूला घराबाहेर काढण्याला, जवळजवळ पैसा लागत नाही, म्हणून मंडळांना त्याचा मोह पडतो. अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी घर रिकामे करून घेण्याचे कलम १९८८ च्याच कायद्याने भाडेकरारात आणले आणि १९९६ मध्ये क्लिंटन प्रशासनाने ‘एका चुकीत घर जाईल’ असे धोरण जाहीर केले. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या खटल्यात मार्च २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी असा निर्णय दिला की, कुटुंबीयाच्या किंवा पाहुण्याच्या कृत्याची भाडेकरूला कल्पना नसली, तरीही प्राधिकरण घर रिकामे करून घेऊ शकते. त्या खटल्यात एका वृद्धेची मुलगी घरापासून तीन चौक दूर कोकेनसह सापडली होती, तर दोन आज्यांचे नातू वाहनतळावर गांजा ओढताना आढळले होते. कायद्याने प्राधिकरणाला अधिकार दिला आहे, सक्ती केलेली नाही, हे सदस्याने प्रत्येक प्रकरणात आठवावे. कुटुंब रस्त्यावर आल्याने होणारा खर्च प्राधिकरणाच्या ताळेबंदात दिसत नाही, तो निवारागृहांच्या आणि शाळांच्या खात्यावर पडतो.

इमारती पाडून पुन्हा उभारण्याचा पर्याय एका मंडळाच्या आवाक्याबाहेरचा आहे, त्यामुळे त्याविषयी थोडक्यात सांगतो. शिकागोतील रॉबर्ट टेलर होम्सचे १६ मजली २८ मनोरे गेले, तेथील टोळ्यांची बाजारपेठही गेली. पण ज्या भागांत विस्थापित कुटुंबे मोठ्या संख्येने एकवटली, तेथे गुन्हेगारीची घट इतरत्र दिसली तितकी झाली नाही.

रक्कम लहान आणि एकदाच मिळणारी असेल, तर ती दिवे, प्रवेशद्वारे व कुलपांवरच लावावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तीन वर्षांची किंवा त्याहून अधिक काळाची खात्री असेल, तर तेवढ्या मुदतीसाठी एका वसाहतीत कायम राहणारे अधिकारी आणि किशोरवयीन मुलांचे उपक्रम एकत्र घ्यावेत. केवळ अधिकारी घेतले तर विक्रेता पकडला जातो, पण त्याची जागा घेणारा मुलगा तेथेच उभा असतो. पोलीस खात्याशी करार करताना मागील वर्षी त्याच वसाहतीत किती तास गस्त झाली, याची लेखी नोंद आधी मागावी आणि देयक त्या नोंदीच्या वर दिलेल्या तासांपुरतेच मंजूर करावे. दिव्यांच्या जागा ठरवताना मात्र नकाशा घेऊन रहिवाशांबरोबर रात्री फिरावे, कारण कोणत्या कोपऱ्यात विक्री चालते, हे त्यांना पोलिसांच्या नोंदींपेक्षा नेमके ठाऊक असते.