भरलेला मोठा फिशटँक कललाय : तसाच ठेवायचा, पॅकिंग द्यायचं की पूर्ण उपसायचा?

टँक भरून, मासे सोडून आठवडा होतो. मग एका संध्याकाळी समोर बसल्यावर दिसतं की पाण्याची रेघ एका बाजूला काठाला टेकायला आलीय आणि दुसऱ्या बाजूला खाली आहे. माझ्या परभणीच्या घरात हे झालं, आणि दोन वर्षांनी लातूरला मावसभावाकडेही झालं. दोन्ही टँक एकाच मापाचे होते, चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. तरी माझं काम पॅकिंगवर, म्हणजे स्टँडच्या पायांखाली लोखंडी पट्टीचे तुकडे सरकवून, भागलं आणि त्याचा टँक पूर्ण उपसावा लागला. हा फरक का पडला ते कळलं की तुमचा निर्णयही बराचसा होऊन जातो.

आधी वजन लक्षात घ्या. या मापात काठोकाठ सुमारे 340 लिटर पाणी मावतं. 10 मिमीची काच धरली तर नुसत्या टँकचं वजन 65 किलोच्या आसपास जातं. वाळू, दगड आणि अँगलचं स्टँड धरून साडेचार ते पाच क्विंटल होतं. मोंढ्यात पाच क्विंटल माल हलवायला हमाल लागतात, इथे तर तेवढा भार चार पायांवर काचेत उभा आहे. भरलेल्या अवस्थेत एका कोपऱ्याखाली गाडीचा जॅक लावून उचलायचा विचार कुणी सुचवला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. एक कोपरा वर गेला की सगळा टँक पिळला जातो, आणि तो पीळ काच आणि सिलिकॉनच्या जोडावर येतो. या पर्यायाला मी तुलनेत धरतच नाही.

कल आणि पीळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, सगळा निर्णय यावरच ठरतो. चारही पाय एकाच सपाट उतारावर असतील तर टँक नुसता कललेला असतो, तळाला आधार सगळीकडे सारखा मिळतो. 55 सेंमी पाणी असलेल्या टँकमध्ये दोन टोकांत एक सेंमीचा फरक असला तरी खालच्या टोकाला खोली अर्ध्या सेंमीनेच वाढते, म्हणजे तळाशी दाब जेमतेम एक टक्क्याने जास्त. चांगल्या बांधणीचा टँक तेवढं सहज सोसतो. पण एक पाय अधांतरी असेल, किंवा स्टँडवरची फळी एका कोपऱ्यात खाली बसली असेल, तर तिथली काच आधाराशिवाय राहते आणि टँकला पीळ पडतो. फरक दोन-तीन मिमीचाच असला तरी मला याचीच जास्त भीती वाटते.

ओळखायचं असं. फिल्टर आणि हवेचा पंप बंद करा, पाणी शांत होऊ द्या, आणि चारही कोपऱ्यांवर काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. माझ्याकडे समोर डावीकडे 40 मिमी आणि उजवीकडे 46 आलं, मागे डावीकडे 41 आणि उजवीकडे 47. अंतर कमी तो कोपरा खाली, म्हणजे डावी बाजू खचलेली. आता समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांची बेरीज करा. 40 अधिक 47 म्हणजे 87, 46 अधिक 41 म्हणजेही 87. बेरीज जुळली, म्हणजे नुसता कल. पण काच ताठ असते, खालचा पीळ ती वर दिसू देईलच असं नाही. म्हणून दुसरी तपासणी खाली करायची. पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद टँकच्या तळाखाली चारही बाजूंनी आणि स्टँडच्या प्रत्येक पायाखाली सरकवून बघा. मावसभावाकडे मागच्या उजव्या पायाखालून कागद आरपार गेला. तिथेच ठरलं की नुसत्या पाचरीवर हे काम भागणार नाही.

आता पर्याय शेजारी-शेजारी ठेवून बघू. तसाच ठेवण्यात पैसे, पाणी, मेहनत काहीच जात नाही. लांबीच्या दिशेने पाच-सहा मिमीपर्यंत नुसता कल असेल, कागद कुठेच जात नसेल, तर मी हेच सांगेन. पाण्याची तिरकी रेघ डोळ्याला खुपत असेल तर वरच्या काठाला बाहेरून एक रुंद काळी पट्टी चिकटवा, रेघ तिच्यामागे झाकते. मात्र समोरून मागे पाच-सहा मिमीचा फरक असेल तर मी एवढा सैल राहणार नाही. रुंदी दीडच फूट आहे, तेवढ्यात तो उतार बराच तीव्र होतो आणि उंच स्टँड पुढे झुकतं. घरात लहान मुलं असतील तर हा कल काढूनच टाका.

अर्धवट उपसून पॅकिंग देणं हा मधला मार्ग, आणि बहुतेक घरांना तोच जमतो. पाणी पाव टँकपर्यंत उतरवायचं, मासे आतच राहतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टीचे दोन-तीन जाडीचे तुकडे कापून आणायचे. दोघांनी पहारीखाली लाकडी ठोकळा ठेवून स्टँडची खालची चौकट अगदी थोडी, खचलेल्या बाजूच्या दोन्ही पायांसकट एकदम उचलायची आणि तिसऱ्याने पॅकिंग सरकवायचं. पॅकिंग नेहमी स्टँड आणि फरशीच्या मध्ये द्यायचं. टँक आणि स्टँडच्या मध्ये चुकूनही नाही, कारण तिथे पाचर मारली की काच त्या एका रेघेवर टेकते. टँकखालचं थर्माकोल बारीक खडबडीतपणा गिळतं, कल मात्र काढत नाही. माझ्याकडे डाव्या पायांखाली 6 मिमी दिलं, दोन तासांत काम संपलं.

या मार्गात खरी अडचण पाण्याची आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात कुणाला अडीचशे लिटर पाणी गटारात सोड म्हणणं मला जमत नाही. शिवाय टँकमधलं मुरलेलं पाणी माशांना सवयीचं असतं. त्याच्या जागी बोअरचं जड पाणी किंवा टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकलेलं टँकरचं पाणी एकदम ओतलं तर मासे आजारी पडतात. म्हणून काढलेलं पाणी स्वच्छ ड्रममध्ये साठवा आणि तेच परत भरा. ड्रमची चौकशी नीट करा. शेतावर फवारणीचं औषध ठेवलेला ड्रम कितीही धुतला तरी माशांसाठी वापरू नका. मे महिन्यात हे काम करणार असाल तर पहाटे करा, कारण पाणी कमी झालं की ते लवकर तापतं आणि त्यातला प्राणवायू घटतो. गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी तर थेट ओतूच नका. हिवाळ्यात हीटर असेल तर पाणी उतरवायच्या अर्धा तास आधी तो बंद करा, नाहीतर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.

पूर्ण उपसणं म्हणजे एका सुट्टीचा अख्खा दिवस, चार माणसं, दोन मोठे ड्रम, आणि माशांना त्रास. पण पीळ असेल, फळी फुगली किंवा वाकली असेल, किंवा कल दीड-दोन सेंमीवर गेला असेल, तर दुसरा मार्ग धरू नका. मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवा. फिल्टरचा स्पंज आणि सिरॅमिक रिंगा टँकच्याच पाण्यात, हवेच्या दगडासकट ठेवा. त्यातले जिवाणू सुकले तर पाणी भरल्यावर अमोनिया वाढून मासे जातात. लोडशेडिंगची वेळ आधी विचारून घ्या. वाळू काढल्याशिवाय टँक उचलू नका. मावसभावाकडे स्टँडच्या चारही पायांना उंची कमी-जास्त करता येणारे बोल्ट वेल्ड करून घेतले, खाली जाड चकत्या दिल्या आणि वर 18 मिमीचं नवीन प्लायवूड टाकलं.

तो खर्च वाया गेला नाही, याचं कारण आपली जमीन. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तळमजल्यावर मुरुमाच्या भरावावर बसवलेली फरशी भिंती जागच्या जागी असतानाही खाली-वर होते. त्याच्या हॉलमध्ये ज्येष्ठात घेतलेलं माप आणि दिवाळीनंतरचं माप यांत तीन मिमीचा फरक आला. असं घर असेल तर पक्कं पॅकिंग एका ऋतूपुरतंच बरोबर राहतं, आणि बोल्ट बसवून घेणं फायद्याचं पडतं. वरच्या मजल्यावर, स्लॅबवर हा प्रश्न येत नाही, तिथे पॅकिंग पुरतं. नव्याने घर बांधलं असेल आणि भराव अजून बसायचा असेल, तर एक पावसाळा जाऊ द्या, तोवर नुसती मापं लिहीत राहा. फक्त पीळ असेल तर थांबू नका.

कुठलाही मार्ग घेतला तरी पाणी एकदम काठापर्यंत चढवू नका. आधी अर्धा टँक भरा, चार कोपरे मोजा, कागद फिरवून बघा, मग पुढचं पाणी. मी कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावून पेनने रेघ मारून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी रेघा जुळल्या, आठवड्याने पुन्हा बघितल्या, आणि मगच पट्ट्या काढल्या.