कोठीसाठी चिनीमातीच्या बरण्या: लोणच्याला उत्तम, पोह्यांना नको

कोठी गावाकडच्या वाड्यातल्यासारखी हवी होती, म्हणून तुळशीबागेजवळच्या एका दुकानातून उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याच्या पांढऱ्या-तपकिरी बरण्या आणल्या. जुन्या सागवानी फळीवर झकास दिसतात. कैरीचं लोणचं नि खारवलेली चिंच त्यात सुखात आहेत. आंबट-खारटाने झिलईला काही होत नाही, धुतल्यावर वासही राहत नाही. पण झाकण नुसतं वर टेकतं, हवाबंद नाही. वर दादरा, म्हणजे तोंडाला कापडाचं फडकं, बांधावाच लागतो. पोहे, पापड मात्र पावसाळ्यात सादळतात. त्यांना आपला स्टीलचा घट्ट डबाच बरा. आणि वजन! भरलेली मोठी बरणी वरच्या फळीवर चढवायच्या भानगडीत पडू नका. घेताना आतून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर दुसरी मागा, दुकानदार कुरकुर न करता देतो.