गोल्फ जीटीआय कोकणात: दुरून घेतली, गावात सांभाळतोय

गुहागर तालुक्यात राहून फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही वेगवान हॅचबॅक घ्यावी का, असं कुणी विचारलं तर एक अख्खा पावसाळा काढल्यावर मी ठामपणे ‘घ्या’ म्हणतो. अट एकच. बुकिंगचे पैसे भरायच्या आधी तुमचा मेस्त्री ठरलेला हवा. शोरूम दूर असलं तरी चालतं. ज्याच्या हाताखाली गाडी महिन्याला जाणार, तो माणूस जवळ लागतो.

खरेदीचं आधी सांगतो. मे २०२५ मध्ये ही गाडी भारतात आली. पूर्ण तयार, आयात केलेली, किंमत ५३ लाख एक्स-शोरूम. पहिल्या तुकडीत १५० गाड्या होत्या आणि बुकिंग फक्त ऑनलाइन. म्हणजे मुंबईत राहणारा आणि वेळणेश्वरला राहणारा, दोघांनाही रांग एकच. माझ्यासारख्याला हे फार सोयीचं पडलं. चालवून न बघता एवढे पैसे घालायचे म्हटल्यावर घरात चर्चा झाली, होणारच. पण आधीच्या जीटीआयबद्दल मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो, इंजिनाचा स्वभाव माहीत होता, म्हणून धीर केला.

किमतीच्या आकड्यावर थांबू नका. वर रोड टॅक्स आहे, आणि आयात गाडीला तो साध्या गाडीच्या हिशोबाने धरू नका, लेखी विचारून घ्या. विमा आहे. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर, आहे, तो आयकर भरताना वळता करून मिळतो, पण खरेदीच्या दिवशी खिशातून जातोच. नोंदणी एमएच ०८ वरच हवी, हे मी पहिल्याच फोनला सांगून ठेवलं होतं.

दुरून घेताना सगळ्यात जास्त वेळ मी गाडी तपासण्यावर घालवला, आणि तुम्हीही घालवा. बाकीचे पैसे सोडण्याआधी व्हिडिओ कॉल लावायला सांगा, तोही दिवसाउजेडी, उन्हात. चॅसी नंबरातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं; २०२५ साठी ते ‘एस’ असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायरचे आकडे कॅमेऱ्यासमोर वाचून घ्या. हजारो किलोमीटर जहाजातून आलेली गाडी मधे बरेच दिवस उभी असते, म्हणून बॅटरीचं व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा. बंपरच्या खालच्या कडेवरून, दारांच्या काठांवरून, चाकांच्या रिमवरून कॅमेरा सावकाश फिरवायला लावा. समोरचा माणूस कंटाळला तर कंटाळू दे. आपले पैसे आहेत.

आणि गाडी फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच, मागवा. नव्या इंजिनाचे पहिले किलोमीटर अनोळखी ड्रायव्हरच्या पायाखाली जाऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. माझी गाडी उतरवताना वाहतूकवाल्याने पट्टे चाकांऐवजी खालच्या सस्पेन्शनला बांधलेले दिसले. नुकसान काही झालं नव्हतं, तरी मी फोटो काढले, पावतीवर शेरा लिहून घेतला आणि मगच सही केली.

आता गाडी. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २६५ पीएस, ३७० न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ताकद पुढच्या चाकांना. कागदावर शंभरचा वेग ५.९ सेकंदांत. तो आकडा आमच्या रस्त्यांवर कशाला लागतो? खरी मजा कुंभार्ली घाटात आहे. वळणातून बाहेर पडताना लवकर गॅस दिला तरी पुढची चाकं बाहेर पळत नाहीत, कारण पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या भागाला, इलेक्ट्रॉनिक लॉक आहे आणि ते बाहेरच्या चाकाला जास्त जोर पोहोचवतं. गाडी नाक आत ओढून घेते. पावसात, रस्त्यावर पाला पडलेला असताना, हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो होतो. मागे आई बसली असेल तर हीच गाडी कम्फर्ट मोडवर टाकली की शहाण्या माणसासारखी चालते. चौकड्यांच्या कापडी सीटा मला चामड्यापेक्षा फार आवडल्या. मे महिन्यातल्या उकाड्यात पाठ चिकटत नाही. स्टेअरिंगवर खरी दाबायची बटणं परत आलीत हेही बरं झालं.

रस्त्याचा प्रश्न खरा आहे. टायर २२५/४० आर १८, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम ९० मिलिमीटर रबर. पावसाळ्यात आतल्या रस्त्यांवर खड्डा पाण्याने भरलेला असतो, तळ दिसत नाही. जिथे खड्डा माहीत नाही तिथे मी दुसऱ्या गिअरमध्ये, रिक्षाच्या वेगाने जातो. तरीही गणपतीच्या सुमारास पुढच्या डाव्या टायरला आतल्या बाजूने फुगा आला. बाहेरून काही दिसत नव्हतं. तो दिसला मेस्त्रींना, गाडी लिफ्टवर असताना, ब्रेक बघता बघता. त्या टायरवर मी त्याच आठवड्यात घाट चढणार होतो.

हे मेस्त्री चिपळूणचे. बुकिंगच्या आधी मी त्यांच्याकडे गेलो, गाडीची माहिती दाखवली आणि सरळ विचारलं, “तुम्ही हिला हात लावाल का?” त्यांनी दोन दिवस मागितले. मग स्वतःच फोन करून सांगितलं की लिफ्टसाठी रबराचे ठोकळे मागवावे लागतील, नाहीतर खालची पट्टी दबेल. इतका विचार करणारा माणूस मिळाला तेव्हाच माझा निर्णय पक्का झाला.

किनाऱ्यावर गाडीचा खरा शत्रू खारा वारा. रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर येतो. तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. काळजी आहे ती न दिसणाऱ्या जागांची: ब्रेक कॅलिपरच्या सरकत्या पिना, बॅटरीच्या अर्थिंगचे बोल्ट, हॉर्नचे कनेक्टर, खालच्या पत्र्यांचे स्क्रू. मेस्त्री पावसाळ्यात दर महिन्याला गाडी वर घेतात, खालून गोड्या पाण्याने धुतात, पूर्ण वाळू देतात आणि मग पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावतात. वाळू न देता ग्रीस लावलं तर मीठ आतच अडकतं, हे त्यांच्याकडूनच शिकलो. घरच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने गाडी धुऊ नका. माडाखाली उभी करू नका, हे कोकणात कुणाला सांगायला नको. उंदरांसाठी बॉनेटखाली जाळी लावून घेतली आहे आणि शेडमध्ये सुक्या झावळ्या रचणं बंद केलं आहे.

पण गावातल्या गॅरेजला एक मर्यादा आहे आणि ती मेस्त्रींच्या कौशल्याची नाही. आठव्या पिढीच्या गोल्फपासून कंपनीने गाडीच्या संगणकाला एसएफडी नावाचं कुलूप घातलं आहे. बाहेरचा स्कॅनर बिघाडाचे कोड वाचू शकतो, पुसूही शकतो. पण बऱ्याच सेटिंग बदलायच्या तर कंपनीच्या सर्व्हरकडून तेवढ्यापुरती परवानगी घ्यावी लागते. एकदा टायरच्या दाबाचा दिवा लागला तेव्हा मेस्त्रींनी कोड वाचून पाच मिनिटांत कारण सांगितलं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “दादा, हे मी वाचू शकतो, बदलू शकत नाही. बदलायचं असेल तर घाटावरच जायला लागेल.” असा माणूस मला विश्वासाचा वाटतो. जो म्हणेल की सगळं इथेच करतो, त्याच्याकडे ही गाडी सोडू नका.

म्हणून वाटणी अशी केली आहे. तेल, फिल्टर, सॉफ्टवेअर, वॉरंटीचं जे काही असेल ते वर्षातून एकदा किंवा १५ हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, घाटावरच्या अधिकृत केंद्रात. ब्रेक, टायर, अलाइनमेंट, धुणं, गंज, रबरी बूट हे सगळं चिपळूणला. मेस्त्री प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि फोटो एका वहीत ठेवतात, आणि वर जाताना मी ती वही सोबत नेतो. तिथल्या तंत्रज्ञाने ती शेवटपर्यंत वाचली आणि अलाइनमेंटचे आकडे उतरवून घेतले. दोन्ही ठिकाणची माणसं एकमेकांना न भेटता एकाच गाडीची काळजी घेतात, याचं मला मनापासून समाधान आहे.

दापोलीकडे जाताना धोपावे-दाभोळ फेरी लागते. गाडी खाली घासेल का, असं बरेच जण विचारतात. भरतीला काहीच त्रास नाही. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार लांब आणि शेवाळी असतो, फेरीची फळी टेकते तिथे कोन होतो आणि बंपरचा खालचा ओठ जमिनीजवळ येतो. पंधरवड्यातली तिथी पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास. हा दर्यावर्दींचा हिशोब मी आता गाडीसाठी वापरतो. आणि गाडी सरळ न घालता जरा तिरकी घालतो.

पेट्रोल निदान ९५ ऑक्टेनचं लागतं. ते किनाऱ्यावरच्या प्रत्येक पंपावर मिळत नाही, म्हणून चिपळूणला गेलो की टाकी भरूनच परततो. मायलेज घाटात आठ-नऊ, सरळ रस्त्यावर बारा-तेरा. विम्यात झिरो डेप (भागांची घसारा-कपात न करता भरपाई) तर घ्याच, पण इंजिन प्रोटेक्ट विसरू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

रोज खड्ड्यांतून तीस-चाळीस किलोमीटर जायचं असेल आणि घरात ही एकच गाडी असेल, तर घेऊ नका. टायर आणि रिम बदलून जीव जाईल. दुसरी उंच गाडी दारात असेल, घाटाची ओढ असेल आणि लिफ्टखाली उभा राहून नीट बघणारा मेस्त्री असेल, तर चौकशीचा फोन करायला हरकत नाही. मी सध्या दोन नव्या टायरच्या शोधात आहे. मृगाच्या आधी ते पुढे बसवायचे आहेत, कारण त्यानंतर मेस्त्रींची लिफ्ट महिनाभर मोकळी मिळत नाही.