स्वतःचं चॅनल की भागीदारीतलं? अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या वाहिन्यांचा हिशेब

१ सप्टेंबर २००७. ॲन आर्बरचं मैदान लाखाहून जास्त प्रेक्षकांनी भरलेलं. यजमान मिशिगन विद्यापीठ देशात पाचव्या क्रमांकावर आणि समोर खालच्या गटातलं ॲपलेशियन स्टेट. सहा सेकंद उरलेले असताना मिशिगनने ३७ यार्डांवरून मारलेली किक कोरी लिंचने उडी घेऊन अडवली, चेंडू उचलला आणि पळत सुटला. ॲपलेशियन ३४-३२ ने जिंकलं. अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी हा एक. पण तो दाखवणारं बिग टेन नेटवर्क, म्हणजे बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडागटाचं (अशा गटाला तिकडे कॉन्फरन्स म्हणतात) चॅनल, सुरू होऊन जेमतेम तिसरा दिवस होता, आणि खुद्द मिशिगन राज्यातल्या कितीतरी केबलच्या घरांत ते लागतच नव्हतं.

एखादी लीग, विद्यापीठ किंवा क्रीडा संघटना स्वतःचं चॅनल काढायच्या विचारात असेल, तर मी तिला आधी हा सामना दाखवेन. चॅनल काढणं सोपं असतं, ते लोकांच्या घरात पोचवणं अवघड.

आधी पैशाची रीत समजून घेऊ. आपल्याकडे २०१९ पासून ट्रायच्या नियमांमुळे प्रत्येक पे चॅनलची किंमत जाहीर असते आणि ग्राहक हवं तेवढंच घेऊ शकतो. अमेरिकेत केबल कंपनी चॅनलला ग्राहकामागे दरमहा ठरावीक रक्कम देते, आणि ती सगळ्यांच्या बिलातून वसूल होते. म्हणजे खरं भांडण चॅनल कुठल्या पॅकेजात बसतं यावर असतं. समजा, एका भागात दहा लाख घरं आहेत आणि दर एक डॉलर आहे. बेसिक पॅकेजात जागा मिळाली तर वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर. खेळांच्या वेगळ्या पॅकेजात टाकलं आणि दहातल्या एकानेच ते घेतलं, तर १२ लाख. बिग टेनने आपल्या आठ राज्यांत ग्राहकामागे सुमारे १.१० डॉलर आणि बेसिकमध्येच जागा मागितली. कॉमकास्ट या बड्या केबल कंपनीला ते खेळांच्या पॅकेजात हवं होतं. जून २००८ मध्ये करार झाला, पण तोवर पहिला अख्खा हंगाम हातचा गेला होता.

तरीही बिग टेन तगलं, कारण भागीदार फॉक्स होतं. फॉक्सच्या मूळ कंपनीचा त्या वेळी डायरेक्टीव्ही या डीटीएच कंपनीवर ताबा होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक मोठं दार उघडं होतं. केबलवाला अडून बसला की प्रेक्षक डीटीएचकडे वळू शकत होता, आणि ही भीती केबलवाल्याला चांगलीच कळते. २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स ही विद्यापीठं बिग टेनमध्ये आली, त्यामागेही वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या बाजारातल्या घरांचं गणित होतं.

पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सने नेमकं उलट केलं. आयुक्त लॅरी स्कॉट यांच्या काळात, ऑगस्ट २०१२ मध्ये, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक वाहिन्या सुरू झाल्या. मालकी शंभर टक्के कॉन्फरन्सची, भागीदार कोणीही नाही. कल्पना मनाला भिडणारी होती. नफा सगळा आपला, निर्णय सगळे आपले, आणि फुटबॉलच्या सावलीत राहणारे व्हॉलीबॉल, जलतरण असे खेळ भरपूर दाखवता येणार. कॉमकास्ट आणि टाइम वॉर्नर केबल सुरुवातीपासून सोबत होते. डायरेक्टीव्ही मात्र आलंच नाही, शेवटपर्यंत. त्याला भाग पाडायला पॅक-१२ कडे दुसरं काहीच नव्हतं. पुढे एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने डायरेक्टीव्ही घेतलं आणि २०१८ अखेरीस त्यांच्या यू-व्हर्स या टीव्ही सेवेवरूनही या वाहिन्या गेल्या. २०२४ मध्ये बारापैकी दहा विद्यापीठं कॉन्फरन्स सोडून गेली आणि वाहिन्याही बंद पडल्या. फाटाफुटीचं खापर एकट्या चॅनलवर फोडणं अन्यायाचं होईल, मुख्य प्रक्षेपण करारच जमला नव्हता. पण इतर मोठ्या कॉन्फरन्सच्या तिजोरीशी वाढत गेलेल्या तफावतीत या वाहिन्यांचा वाटा नक्की होता.

एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सचं एसईसी नेटवर्क पूर्णपणे ईएसपीएनचं, म्हणजे डिस्नेच्या क्रीडावाहिनीचं. ऑगस्ट २०१४ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा जवळपास सगळ्या मोठ्या केबल आणि डीटीएच कंपन्यांशी करार झालेले होते. केबल कंपनीसमोर बसलेल्या माणसाच्या खिशात ईएसपीएन, एबीसी आणि डिस्ने चॅनल असेल, तर ‘हे चॅनल नको’ म्हणणं महागात पडतं. मालकी सोडली, पण प्रेक्षक पहिल्याच दिवशी मिळाले. माझ्या मते हाच सर्वांत शहाणा सौदा होता.

पण ईएसपीएन पाठीशी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. टेक्सास विद्यापीठाचं लाँगहॉर्न नेटवर्क २०११ मध्ये आलं, २० वर्षांसाठी ३० कोटी डॉलरच्या हमीसह. विद्यापीठाला पैसे मिळत राहिले, पण चॅनल कित्येक घरांत वर्षानुवर्षं पोचलं नाही. एका विद्यापीठासाठी केबल कंपन्या सहज वाकत नाहीत. डिश नेटवर्क या डीटीएच कंपनीवर ते आलं २०१४ मध्ये, डिस्नेच्या मोठ्या कराराच्या पोटात, एसईसी नेटवर्कच्या जोडीने. एसीसी या आणखी एका कॉन्फरन्सच्या, ईएसपीएननेच काढलेल्या एसीसी नेटवर्कचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ते ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं, पण कॉमकास्टवर दिसायला डिसेंबर २०२१ उजाडला. कॉमकास्ट-डिस्ने यांचा करार २०१२ च्या सुरुवातीला दहा वर्षांसाठी झाला होता. तो संपत येईपर्यंत ईएसपीएनचं जोरदार हत्यार म्यानातच होतं.

म्हणून भागीदार निवडताना त्याच्या नावाआधी त्याचे जुने करार कधी संपतात ते विचारा. तुमच्या प्रदेशातल्या सर्वांत मोठ्या केबल कंपनीशी त्याचा करार तुमच्या पहिल्या हंगामाच्या आत नूतनीकरणाला येणार असेल, तर भागीदारी घ्या. पाच वर्षांनी येणार असेल, तर टेक्साससारखी हमीची रक्कम मागा आणि धोका त्याच्या गळ्यात घाला. एकट्याने जायचा हट्टच असेल, तर दर कमी ठेवा आणि निदान एक देशव्यापी डीटीएच कंपनी सही करेपर्यंत स्टुडिओ भाड्याने घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी २००७ मध्ये कोणाला सुचणं शक्य नव्हतं. ३१ ऑगस्ट २०२३ ला डिस्ने आणि चार्टर ही केबल कंपनी यांचा वाद चिघळला आणि ऐन फुटबॉल सुरू होताना ईएसपीएनसोबत एसईसी आणि एसीसी नेटवर्कही जवळपास दीड कोटी घरांतून गेली. ११ सप्टेंबरला तडजोड झाली. भागीदाराचं भांडण तुमचंही होतं. तेव्हा टीव्हीवरचं प्रक्षेपण बंद पडेल त्या दिवसांत आपले सामने आपल्याच ॲपवर दाखवण्याचा हक्क पहिल्याच मसुद्यात लिहून घ्या. सही झाल्यावर तो कोणी देत नाही.