खारीने पाइप कुरतडला म्हणून नवा होज-रेग्युलेटर घेतला, ४ स्टार

मागच्या महिन्यात गॅस ग्रिलचं कव्हर काढलं तर रबरी पाइपला सगळीकडे दातांचे खड्डे, एका ठिकाणी तर आतले धागे दिसतायत. न्यू जर्सीत मागच्या अंगणात ग्रिल ठेवला की खारी हे उद्योग करतातच (आपल्याकडच्या खारीच्या दुप्पट मोठ्या आणि तिप्पट निर्लज्ज). चिकटपट्टीचा जुगाड न करता सरळ ऑनलाइन ५ फुटी होज मागवला, वरून स्टीलची जाळी, एका टोकाला रेग्युलेटर बसवलेलाच येतो, ३० डॉलरच्या आत पडला.

टाकीकडची बाजू एकदम सोपी. आपल्याकडच्या रेग्युलेटरसारखं खटका दाबून बसवायचं नाही, मोठा काळा प्लास्टिकचा नट हातानेच उजवीकडे फिरवायचा, पाना अजिबात नाही, आणि तो नीट बसल्याशिवाय टाकी उघडली तरी गॅस येत नाही. प्लास्टिक बघून नाक मुरडू नका, आगीची धग लागली तर तोच मऊ होतो आणि गॅस बंद पडतो.

घोळ घातला मी ग्रिलकडच्या टोकाला. तिथे पितळी फ्लेअर जॉइंट आहे, आणि ठाण्याच्या घरी नळाचं काम म्हणजे आधी पांढरी टेफ्लॉन टेप, हात सवयीने गेला आणि मारले चार वेढे. मग गळती बघायला भांड्यांचा लिक्विड सोप अर्धा, पाणी अर्धं, जुना टूथब्रश घेतला, सगळे नॉब बंद ठेवून टाकीचा व्हॉल्व हळू उघडला आणि जोडाजोडावर फासत गेलो. काळ्या नटाशी काही नाही, रेग्युलेटर ठीक, फ्लेअरवर मात्र एक बुडबुडा फुगत फुगत फुटला की परत तिथूनच नवा. वास म्हणाल तर काहीच नाही, वारं होतं ना. आतून बायको, "अरे झालं का, वांगी कधीची तेल लावून ठेवलीयेत!"

तर फ्लेअरमध्ये गॅस अडतो तो पितळ पितळेला घट्ट टेकल्यामुळे, आट्यांमुळे नाही, टेप मधे आली की ते नीट टेकतच नाही. टाकी बंद केली, टेप खरवडून काढली, एका पान्याने ग्रिलकडचा भाग धरून दुसऱ्याने नट आवळला, परत साबण. नुसता फेस, फुगणारा बुडबुडा नाही. "टेप लावू नये" हे सोबतच्या कागदावर होतं म्हणे, मुंगीएवढ्या अक्षरात शेवटच्या ओळीला, एक स्टार त्याचाच कापलाय.

अजून एक, ह्या होजला "गॅसच कमी येतो" म्हणून १ स्टार देणारे बरेच दिसले, मीही पहिल्या दिवशी परतच करणार होतो, ग्रिल २५० फॅरनहाइटच्या वर जाईना. चूक माझी, बर्नरचा नॉब आधी उघडून मग टाकी भसकन उघडली, रेग्युलेटरला वाटलं पाइप फुटला आणि त्याने गॅस आवळून धरला. सगळं बंद केलं, नट काढून परत लावला, टाकी सावकाश उघडली आणि मग झाकण वर ठेवूनच बर्नर पेटवला (प्रोपेन जड असतो, झाकण बंद असेल तर आतच साठतो), ५०० पार. वांग्याची सालं नुसती बोटाने निघाली.

खार परवा परत आलेली. जाळीवर दोन ओरखडे आहेत, भोक नाही, साबण लावून बघितलं.