रिझर्व्ह बँकेचं ‘रिटेल डायरेक्ट’: घेताना झकास, विकताना कसरत

मुंबईतल्या मराठी घरात शिलकीचा पैसा म्हणजे एफडी, हे समीकरण तसं पक्कं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून त्याला शेजार मिळाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ पोर्टलवर किंवा ॲपवर खातं उघडून सरकारी रोखे, म्हणजे सरकारला ठरावीक मुदतीसाठी दिलेलं कर्ज, थेट घेता येतात. खातं उघडायला, सांभाळायला, लिलावात बोली लावायला शुल्क नाही. पैसे भरताना पेमेंट गेटवेचा आकार लागला तर तेवढा आपला. प्रश्न एवढाच, की एफडीची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला हा माल मानवतो का.

खातं उघडायला पॅन, आधार, ईमेल, मोबाइल आणि रुपयातलं बचत खातं पुरतं. अडतं ते बहुधा नावावर. पॅनवर वडिलांचं नाव मधे पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर. किंवा पॅन माहेरच्या नावाचं आणि पासबुक सासरच्या. मग बँक खात्याची पडताळणी लटकते. आधी बँकेत नाव दुरुस्त करून घ्यावं आणि मगच अर्ज भरावा. नॉमिनी तिथल्या तिथे नोंदवावा.

किमान रक्कम १०,००० रुपये, पुढे १०,०००च्या पटीत. साधारणपणे राज्यांच्या रोख्यांचा लिलाव मंगळवारी, ट्रेझरी बिलांचा, म्हणजे केंद्राच्या वर्षाच्या आतल्या मुदतीच्या रोख्यांचा, बुधवारी आणि केंद्राच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा शुक्रवारी. आपण भाव सांगायचा नाही, फक्त रक्कम सांगायची. मोठ्या बँका-विमा कंपन्यांच्या बोलींतून निघालेला सरासरी भाव आपल्याला लागतो. घासाघीस न करता घाऊक भाव मिळतो, ही या सेवेची सगळ्यात मोठी खुबी. बोली आदल्या दिवशीच लावून मोकळं व्हावं.

भाव आधी ठरलेला नसल्यामुळे सूचक भावापेक्षा थोडी जास्त रक्कम घेतात आणि उरलेली परत करतात. जुनाच रोखा पुन्हा विकायला काढला असेल तर मागच्या हप्त्यापासूनचं व्याजही भरावं लागतं. ते पहिल्या सहामाही व्याजात वळतं होतं, पण ‘जास्त पैसे का कापले’ ही तक्रार हमखास इथेच उगवते.

सुरुवात ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाने करावी. परतावा समजा साडेपाच टक्के निघाला, तर १०,०००चं बिल ९,८६४ रुपये ७३ पैशांना पडतं आणि मुदतीला पुरे १०,००० बचत खात्यात येतात. मधे व्याज नाही, त्यामुळे हिशेबाची कटकट नाही.

आता दुसरी बाजू. पोर्टलवरून रोखा विकायचा तर तो एनडीएस-ओएमवर, म्हणजे बँका आणि प्रायमरी डीलर (सरकारी रोख्यांची घाऊक खरेदी-विक्री करणाऱ्या, रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या संस्था) जिथे सौदे करतात त्याच फलाटावर. तिथला रूढ सौदा पाच कोटींचा. त्याखालचं सगळं ‘ऑड लॉट’, म्हणजे फुटकळ सौदा, मग तुमचे पन्नास हजार कुठे बसतात ते बघा. प्रायमरी डीलरांनी किरकोळ गुंतवणूकदारांना भाव द्यावा अशी योजना आहे, आणि सध्या जास्त उलाढाल असलेल्या दहा वर्षांच्या रोख्याला समोर गिऱ्हाईक दिसतंही. जुन्या राज्य रोख्याला मात्र बरेचदा कोणी नसतं, किंवा असतं ते पडेल भाव सांगणारं. रोखा बुडत नाही, सरकार पैसे देणारच. पण ‘उद्या पाहिजेत’ म्हटलं की पंचाईत.

शिवाय व्याजदराचा फटका इथे आपल्या अंगावर येतो: बाजारात दर वाढले की जुन्या रोख्याचा भाव पडतो. दहा वर्षांचा ७ टक्क्यांचा रोखा घेतला आणि लगेच बाजाराचा दर ८ वर गेला, तर १०० रुपयांचा रोखा साधारण ९३ रुपये २० पैशांना जातो. लाखामागे जवळपास ६,८०० रुपयांचं नुकसान. एफडीत हाच धक्का बँक पचवते आणि मुदतीआधी मोडणाऱ्याकडून बहुधा अर्धा-एक टक्का दंड घेते.

खरं तर देशोदेशीचा फरक इथेच कळतो. जपानचा संसार बँकांवर चालतो, म्हणून तिथल्या सरकारने सामान्यांसाठी वेगळेच रोखे काढले: किमान १०,००० येन, बँकेत किंवा ब्रोकरकडे मिळणारे, आणि वर्षानंतर केव्हाही सरकारच दर्शनी किमतीला परत घेणारं, कापायचं ते ढोबळमानाने शेवटच्या दोन हप्त्यांचं व्याज. म्हणजे रोख्याच्या वेषातली एफडीच. अमेरिका बाजारवाली. तिथल्या ‘ट्रेझरी डायरेक्ट’वर १०० डॉलरपासून रोखे मिळतात, पण तिथेच विकता येत नाहीत, ब्रोकरकडे हलवून विकावे लागतात. तिथे ते चालून जातं, कारण ब्रोकरकडे गिऱ्हाईक सहज मिळतं. जर्मनीने तर २०१२ अखेर सरकारचं किरकोळ विक्रीचं दुकानच आवरलं. आपण अमेरिकेच्या धर्तीचा माल आणला, पण गिऱ्हाईक जपानसारखं. दार उघडं ठेवलं, परतीची वाट मात्र अरुंद राहिली.

एफडी अगदी निर्धोक आहे असंही समजायचं कारण नाही. ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून पाच लाखांपर्यंत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे फक्त १,००० रुपये काढता येत होते, हे भांडुप-मुलुंडकडच्यांना सांगायला नको. पाच लाखांवरची रक्कम एकाच सहकारी बँकेत ठेवण्यापेक्षा ट्रेझरी बिल केव्हाही सरस.

आमचा कौल: घेण्यासाठी पाचपैकी साडेचार, विकण्यासाठी दोन. ९१ ते ३६४ दिवसांची बिलं बिनधास्त घ्या. लांबचा रोखा मुदतीपर्यंत धरायची तयारी असेल तरच, आणि अडीअडचणीचे सहा महिन्यांचे पैसे एफडीतच ठेवून. सरकारी रोख्याच्या सहामाही व्याजातून टीडीएस कापत नाहीत, पण ते करपात्र असतंच. विवरणपत्रात आपणच दाखवायचं. आणि जोडलेलं बचत खातं बंद करण्याआधी पोर्टलवर नवं खातं नोंदवा, कारण व्याज आणि मुद्दल दोन्ही तिथेच येतं.