सुऱ्या घडवायला परवडणारा बेल्ट ग्राइंडर: आधी पट्टा ठरवा, मग यंत्र

ग्राइंडर घ्यायला निघालेला माणूस दुकानात गेल्या गेल्या मोटर किती हॉर्सपॉवरची, हे विचारतो. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: याला घासणारा गोल पट्टा कुठल्या मापाचा लागतो, आणि त्या मापात सिरॅमिक कणांचा, पोलाद कापणारा पट्टा मिळतो का? यंत्र एकदाच घ्यायचं असतं, पट्टे मात्र दर महिन्याला लागतात. गोव्यात तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा, कारण मडगाव-म्हापशाच्या हार्डवेअरच्या दुकानांत लाकडाचे सँडिंग पट्टे दिसतात, पण पोलाद कापणारे बहुधा बाहेरूनच मागवावे लागतात.

स्वस्तातल्या चार पर्यायांपैकी पहिले दोन झटपट निकालात काढता येतात. अँगल ग्राइंडरला बसणारी अरुंद पट्ट्याची जोडणी मुठीची गोलाई काढायला आणि बोटाच्या खाचेला छान; तिच्यावर बेव्हल, म्हणजे पात्याचा धारेकडे जाणारा उतार, काढायला जाल तर पात्यावर लाटा उठतील. पंचवीस मिलिमीटर रुंद आणि ७६२ लांब पट्ट्याचं टेबलावरचं छोटं यंत्र धार लावायला उत्तम. पण त्याची मोटर पाव-तृतीयांश हॉर्सपॉवरची. गाडीच्या पाच मिलिमीटर जाड कमानपाट्यावर (स्प्रिंगच्या पोलादावर) जरा जोर दिला की पट्टा थांबतो. शिवाय रुंदी कमी असल्याने पातं थोडं तिरकं झालं तरी पट्ट्याची कड चर पाडते. घरातल्या सुऱ्या आणि आदोळीचं (विळीचं) पातं धारेला लावण्यापुरतंच काम असेल तर हेच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

तिसरा पर्याय फसवा आहे: १००×९१५ चा पट्टा आणि शेजारी दीडशे मिलिमीटरची तबकडी. दिसायला भरभक्कम, किंमत आवाक्यात, पण जन्माने ते सुताराचं यंत्र. साठ मिलिमीटरचा ड्रम मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरला तर पट्ट्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच भरतो. एवढ्या वेगाला सिरॅमिकचे कण तुटून नवी धार देत नाहीत, नुसते घासून गुळगुळीत होतात. मग महागडा पट्टा लावूनही पातं तापतं आणि कापलं काहीच जात नाही. मुठीच्या फळ्या सपाट करायला मात्र याच्यासारखं दुसरं नाही. फणस किंवा मट्टीची फळी त्यावर दोन मिनिटांत आरशासारखी सपाट होते.

राहिलं ५०×१८३०, म्हणजे परदेशी व्हिडिओंत दिसणारं दोन बाय बहात्तर इंच. आमचं मत सरळ आहे: सुऱ्या घडवायच्याच असतील तर थांबून पैसे साठवा आणि याच मापाचं घ्या, मग ते साधं, एका वेगाचं असलं तरी चालेल. सिरॅमिक, झिर्कोनिया, बारीक कणांचे ट्रायझॅक्ट, घासून चकाकी आणणारे स्कॉचब्राइट, सगळं या मापात मिळतं. फॅब्रिकेटरकडून बनवून घेत असाल तर हे माप लिहूनच द्या. नाहीतर हाताशी असलेल्या पाइपनुसार तो लांबी ठरवेल आणि पुढे प्रत्येक पट्टा खास जोडून मागवावा लागेल.

आता वेग. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. तिथल्या ३४५० फेऱ्यांच्या मोटरचं काम इथे २८८० वर होतं, १७२५ चं १४४० वर. म्हणजे तिथल्या नकाशावरून चाक जसंच्या तसं बनवलं तर पट्टा सहाव्या हिश्शाने मंद धावतो. हिशेब सोपा आहे: चाकाचा व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले फेऱ्या, भागिले ६०. शंभर मिलिमीटरचं चाक १४४० वर साडेसात मीटर प्रतिसेकंद देतं, सव्वाशेचं सव्वानऊच्या थोडं वर, आणि शंभरचंच चाक २८८० वर पंधरा. नवशिक्याला नऊ-दहा पुरे. हात घसरला तरी सावरायला वेळ मिळतो. पंधराला काम भरभर उरकतं, चूकही तितक्याच भरभर होते.

कमी खर्चात बसवायचं तर दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज, १४४० फेऱ्यांची मोटर आणि सव्वाशेचं चाक. मोटर पूर्ण बंद, बाहेरून पंखा असलेलीच हवी. जाळीची उघडी मोटर पोलादाची भुकटी आत ओढते आणि वाइंडिंग जाळते. चाक बनवायला देण्याआधी मोटरचा शाफ्ट मोजा: ८० फ्रेमचा (फ्रेम म्हणजे मोटरच्या सांगाड्याचं माप) १९ मिलिमीटर, ९० फ्रेमचा २४. जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटवर, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने. संध्याकाळी व्होल्टेज पडतं अशा वाड्यावर मोटर घुरघुरत कशीबशी वेग घेत असेल तर तेव्हा ती चालवू नका, कपॅसिटर उडेल.

वेग कमीजास्त करायचा तर व्हीएफडी, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा, लागतो, आणि इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. सिंगल फेज मोटरवर साधा व्हीएफडी चालत नाही, मोटर थ्री फेजच लागते. घरच्या २३० व्होल्टवर चालणारा व्हीएफडी तीन फेज देतो, पण तेही २३० व्होल्टचेच. आपल्याकडच्या लहान मोटर बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या आतल्या तीन गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती). तशीच लावली तर फिरते, पण ताकद तिसऱ्या हिश्शावर येते आणि बोट टेकवलं की थांबते. म्हणून दुकानातच टर्मिनल बॉक्स उघडून बघा: सहा टोकं बाहेर असतील आणि प्लेटवर डेल्टा २३०, स्टार ४१५ असं लिहिलेलं असेल तर टर्मिनलवरच्या धातूच्या पट्ट्या बदलून डेल्टा करता येतं. तीनच टोकं असतील तर ती मोटर सोडून द्या. व्हीएफडी बंद डब्यात ठेवा, कारण लोखंडी धूळ वीज वाहते. घरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) व्हीएफडीच्या गळतीने अधूनमधून पडू शकतो, म्हणून इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे. आणखी एक: मोटर वीस हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवली तर तिचा पंखाही मंदावतो आणि ती तापते.

तयार यंत्र असो की बनवून घेतलेलं, पैसे देण्यापूर्वी आधी पट्टा न लावता चालू करा. टेबल थरथरलं तर चाक लेथवर नीट निघालेलं नाही. पट्टा चढवून ट्रॅकिंगचा, म्हणजे पट्टा चाकावर डावा-उजवा सरकवणारा, नॉब फिरवा: अर्ध्या वळणात पट्टा सरकायला हवा आणि सोडला तिथे राहायला हवा. मग लाकडाचा तुकडा प्लेटनवर, म्हणजे पट्ट्यामागच्या सपाट पाटीवर, दाबा. दाबताच पट्टा बाजूला पळत असेल तर ट्रॅकिंगची बिजागरी ढिली आहे. स्वस्त यंत्रांचा हाच सर्वांत सामान्य रोग, आणि तो नॉब कितीही पिळला तरी जात नाही. प्लेटन चाकांच्या रेषेच्या दीड-दोन मिलिमीटर पुढे हवी, आणि पातं टेकवायचा टेका तिच्याशी काटकोनात हवा. मऊ लोखंडाची प्लेटन काही महिन्यांत मध्ये खोलगट होते. तिच्यावर सिरॅमिक काच चिकटवली तर बेव्हल सपाट येतात.

स्थानिक बनवायचं म्हटलं तर चौकट कुंडई किंवा वेर्ण्याच्या वसाहतीतला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपात करून देईल. चाकांत काटकसर नको. ती अ‍ॅल्युमिनियमची, ट्रॅकिंगचं चाक मध्ये किंचित फुगीर, आणि बेअरिंग ६२०३ रबर सीलचं. इथल्या खाऱ्या हवेत पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग एका पावसाळ्यात खरखरायला लागतं.

पट्ट्यांत कणांच्या तीन नंबरांवर भागतं; नंबर जितका मोठा तितके कण बारीक. छत्तीस किंवा साठचा सिरॅमिक कठीण करण्यापूर्वी, तेव्हा धारेच्या जागी अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी सोडायची, नाहीतर तापलेलं पातं कठीण करायला तेलात बुडवताना वाकतं. नंतर १२०, मग २४० किंवा ४००. स्वयंपाकाच्या सुरीला धार लावण्याआधी कड ०.२ ते ०.३ मिलिमीटर. टेम्पर केलेल्या (कठीण करून पुन्हा बेताने तापवलेल्या) पात्यावर निळा रंग आला म्हणजे तिथलं तापमान तीनशे अंशांकडे गेलं आणि ती जागा मऊ पडली. म्हणून उघड्या हाताने धरा, चटका बसू लागला की लगेच पाण्यात. हातमोजे तर पट्ट्याजवळ नकोतच. बोथट पट्ट्यावर जोर देऊन पैसे वाचत नाहीत. पाती जळतात ती बहुतेक तिथेच.

ठिणग्यांखाली पाण्याची बादली ठेवा, आणि लाकूड घासायच्या आधी भुकटी झाडून काढा. भुशात पडलेली ठिणगी तासाभरानेही पेटू शकते. धुळीचा मास्क पावसाळ्यात दारं बंद असताना तर हवाच.

जून ते सप्टेंबर पट्टे भिंतीला खिळ्यावर टांगू नका. कापडाची पाठ ओल धरते, पट्टा कडेने वळतो आणि सांधा सुटतो. झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, घडी न घालता, गोल उभे ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या टाका. काम संपल्यावर पट्ट्याचा ताण सोडा, आणि प्लेटनवर तेलाचं बोट फिरवा. एका रात्रीतही तिच्यावर तांबूस थर धरतो आणि सकाळी तोच नव्या पट्ट्याच्या पाठीला लागतो.